नऊशे ऐंशी आणायचं कसं?

गेल्या रविवारची गोष्ट. सकाळचे दहा वाजलेले, पोह्यांची दुसरी डिश संपत आलेली आणि समोर लॅपटॉप उघडा. सोमवारी ऑफिसात एक रिपोर्ट द्यायचा होता, त्यामुळे विकांताची वाट आधीच लागलेली. (त्या रिपोर्टबद्दल पुढे सांगतो.) तेवढ्यात बेल वाजली. दारात भाची. अकरावी सायन्स. एका हातात जर्नल, दुसऱ्या हातात मोबाईल.

"मामा, एक काम आहे. दहा मिनिटांचं."

"बोला."

"मंगळवारी जर्नल सबमिट करायचंय. सिंपल पेंड्युलमचं माझं जी नऊशे ऐंशी येतच नाहीये. तू इंजिनिअर आहेस ना, मला रीडिंग्ज उलटी काढून दे ना."

ज्यांनी सायन्स घेतलं नव्हतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोऱ्याला धातूचा एक गोळा टांगायचा, हलकासा झोका द्यायचा आणि वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं. दोऱ्याची लांबी बदलून पुन्हा तेच. लांबी आणि वेळ मिळाली की एका सूत्रात घालून पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण, म्हणजे जी, काढायचं. ते साधारण ९८० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग यावं अशी सरांची, बोर्डाची आणि एकूणच समाजाची अपेक्षा असते.

आणि 'उलटी रीडिंग्ज' म्हणजे काय, तर आधी उत्तर लिहायचं ९८०. मग लांबी घ्यायची आणि त्यावरून वेळ किती यायला हवी होती ते काढायचं. अगदीच तंतोतंत जुळलं तर संशय येतो, म्हणून मधूनमधून एखादा दशांश सेकंद इकडेतिकडे भुरभुरायचा, पोह्यांवर खोबरं घालतात तसा. झालं जर्नल!

ही पद्धत मला इतकी नीट ठाऊक आहे कारण पंचवीस वर्षांपूर्वी मी तिचा तज्ज्ञ होतो. माझं उत्तर आलं होतं ९८१. आलं कसलं, आणलं होतं. गोळा मी जेमतेम एकदा हलवला असेन. माझा पार्टनर मात्र सरळमार्गी. त्याने खरोखर बसून दोरा मोजला, झोके मोजले, आणि बिचाऱ्याचं उत्तर आलं नऊशे तीस-चाळीसच्या घरात. सरांनी त्याच्या पानावर लाल पेनने आडवी रेघ मारून 'रिपीट' लिहिलं आणि माझ्या पानावर सही केली. दुसऱ्या दिवशी त्याने माझी रीडिंग्ज उतरवून घेतली. मी दिली, आणि वर "अरे, असंच करायचं असतं" असं ज्ञानही दिलं. त्याचं नक्की कुठे चुकलं होतं हे त्याला कळलं नाही, मला कळलं नाही, आणि सरांनीही सांगितलं नाही.

असो. तर मी भाचीचं जर्नल घेतलं, पेन उघडलं, कॅल्क्युलेटर काढला. आणि नजर लॅपटॉपकडे गेली.

तिथे एका लोड टेस्टची शीट उघडी होती. आमच्या सिस्टिमवर खूप लोक एकदम आले तर ती किती वेळात उत्तर देते, याची चाळीस रीडिंग्ज. त्यातली सदतीस एकदम गुणी बाळं. तीन मात्र बाकीच्यांच्या चौपट. ती बेल वाजायच्या पाचच मिनिटं आधी मी त्या तीन ओळी 'आउटलायर' म्हणून उडवल्या होत्या. ग्राफ कसा छान सपाट दिसायला लागला होता! आणि आता दुसऱ्या हाताने मी भाचीला तेच शिकवायला निघालो होतो.

पेनला टोपण लावलं. "चल, आधी खरंच मोजून बघू," म्हटलं.

"मामाऽऽ! दहा मिनिटं म्हटलं होतं मी."

तरी ती आली. गॅलरीत झोपाळ्याचा जुना हूक आहे. झोपाळा कधीच माळ्यावर गेला, हूक राहिला. आईकडून शिवणकामाची टेप घेतली, पतंगाचा दोरा मिळाला. गोळा कुठून आणणार? मग ट्रंकेचं पितळी कुलूप घेतलं.

"पण हे गोळ्यापेक्षा किती जड आहे! मग जी वेगळं नाही का येणार?"

हा प्रश्न मला अकरावीत पडायला हवा होता. कुलूप जड, म्हणून पृथ्वी त्याला जास्त जोराने ओढते हे खरं. पण जड वस्तू हलवायला कष्टही तेवढेच जास्त पडतात. या दोन्हींत वजन कटून जातं. झोके घेणारा लहान असो की मोठा, झोपाळ्याची लय जवळपास तीच राहते. ती ठरते लांबीवरून. लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट.

त्याहून गंमत म्हणजे झोका थोडा मोठा दिला काय किंवा लहान दिला काय, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. पहिल्यांदा ऐकलं तर हे खोटं वाटतं. मोठ्या झोक्यात अंतर जास्त, मग वेळ जास्त नको? पण कुलूप मधल्या जागेपासून जितकं लांब जातं, तितकी त्याला परत आणणारी ओढही वाढते. दुप्पट लांब गेलं तर ओढ दुप्पट, म्हणून वेगही दुप्पट, आणि हिशोब बरोबर. जितकं ढळलं तितकी परतीची ओढ, आणि तीही नेहमी मधल्या जागेकडे. पुस्तकात जिला सरल आवर्त गती म्हणतात ती एवढीच. वाटीच्या तळाशी गोटी, सतारीची तार, वाऱ्यात डुलणारा उंच टॉवर, कुठलीही गोष्ट आपल्या स्थिर जागेपासून अगदी थोडी ढळली की बहुतेक वेळा हाच नियम पाळते. थोडी ढळली हे महत्त्वाचं. मनगटी क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाचा एक चिमुकला चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, तोही याच जातकुळीतला. (३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. आमच्या धंद्यातल्या लोकांना हा आकडा बघून माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.)

लंबकाच्या बाबतीत हे 'जवळजवळ' मात्र विसरायचं नाही. उभ्या रेषेपासून दहा अंशांपर्यंत झोका दिला तर वेळात पाव टक्क्याचाही फरक पडत नाही. तीस अंशांना पावणेदोन टक्के पडतो. नव्वद अंशांना तब्बल अठरा. झोका लहान द्या असं सर ओरडायचे ते यासाठी. तेव्हा वाटायचं, गोळा कुणाला लागू नये म्हणून सांगतायत.

मोजणी सुरू झाली. हुकापासून कुलपाच्या कडीपर्यंतचा दोरा मोजायचा, आणि वीस झोक्यांचा वेळ मोबाईलवर. झोका टोकाला गेल्यावर नाही, तर मधून जाताना बटण दाबायचं, कारण टोकाला कुलूप रेंगाळतं आणि नक्की कधी थांबलं ते डोळ्याला कळत नाही. मधून ते सपकन जातं. आणि पहिल्या वेळी 'एक' नाही म्हणायचं, 'शून्य' म्हणायचं. (पुन्हा आमच्या धंद्याची सवय!)

४० सेंटिमीटरला वीस झोके २६.७ सेकंदांत झाले. ६० ला ३२.१ सेकंद, ८० ला ३६.८, १०० ला ४१.० आणि १२० ला ४४.८. आई मध्येच येऊन "कुलपाला काय झोके देताय रे रविवारी?" म्हणून गेली, त्यामुळे १२० चं एकदा पुन्हा घ्यावं लागलं.

आता सूत्र. भाचीने पटापट आकडे घातले आणि चेहरा पाडून मोबाईल माझ्यापुढे धरला. पाच उत्तरं अशी: ८८६, ९२०, ९३३, ९३९, ९४४.

"बघ! म्हणून म्हणत होते, उलटी काढ."

तुम्हीही त्या पाच आकड्यांकडे एकदा बघा. मला पहिल्यांदा नुसतं 'चुकलं' एवढंच दिसलं. मग दिसलं की चुकतंय खरं, पण ओळीने चुकतंय. दोरा जसा वाढतोय तसं उत्तर वर सरकतंय. हात थरथरला, बटण उशिरा दाबलं, अशा चुका कशाही पडतात, कधी वर, कधी खाली. ही तशी नव्हती. आखूड दोऱ्याला जास्त आणि लांब दोऱ्याला कमी बोचणारी चूक. म्हणजे नेहमी सारख्याच मापाची काहीतरी गोष्ट आपण विसरतोय. चाळीसात चार विसरले तर दहा टक्के, एकशेवीसात चार विसरले तर तीनच.

मग ग्राफ पेपर काढला. आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर एका झोक्याच्या वेळाचा वर्ग. पाचही टिंबं पट्टीवर ठेवल्यासारखी एका रेषेत आली. सूत्राप्रमाणे ही रेष शून्यातून जायला हवी. लांबी शून्य, वेळ शून्य. आमची जाईना. पट्टी लावून मागे वाढवली तर ती आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे कापत होती. उणे ३.८ सेंटिमीटरवर.

उणे लांबीचा दोरा? भाची ग्राफकडे बघत राहिली, मग कुलपाकडे, आणि एकदम म्हणाली, "अरे! आपण कडीपर्यंत मोजलं. कुलूप तर त्याच्या खाली आहे!"

पट्टी लावली. कडीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत चारला जरासं कमी. लंबकाची लांबी दोऱ्याबरोबर संपत नाही, ती वजनाच्या मध्याजवळ संपते. तेवढा तुकडा आम्ही पाचही वेळा विसरलो होतो आणि ग्राफने तो न विचारता मोजून दिला होता.

आणि जी? रेषेचा चढ निघाला ०.०४०५. चारवेळा पायचा वर्ग, म्हणजे ३९.४८, भागिले चढ. उत्तर ९७५. चढ काढताना प्रत्येक लांबीत सारखीच चूक असली तरी फरक पडत नाही, कारण चढ बघतो तो फक्त वाढीकडे. लांबी पाचही वेळा चुकीची मोजून उत्तर अर्ध्या टक्क्याच्या आत! मी तर खूश होऊन आईला हाक मारली. (तिने कुलूप परत मागितलं.)

मग भाचीची कॉलेजातली रीडिंग्ज काढली. तिची उत्तरं ९४० पासून ९६० पर्यंत चढत गेलेली, तीही ओळीनेच. ग्राफ काढला, रेष शून्याच्या डावीकडे साधारण दोनवर. तिनेही दोरा गोळ्याच्या वरच्या आकड्यापर्यंतच मोजला होता. आकडा एक सेंटिमीटर, गोळ्याची त्रिज्या एक. चढावरून जी आलं ९७२. तिच्या रीडिंग्जमध्ये उत्तर पहिल्यापासून होतं, आणि चूक कुठली आहे तेही. उलटी रीडिंग्ज काढली असती तर दोन्ही पुसून गेलं असतं. उलट्या रीडिंग्जची रेष शहाण्यासारखी शून्यातून जाते आणि काहीही सांगत नाही.

आता माझ्या त्या ९८१ चं सांगतो. जी सगळीकडे सारखं नसतं. पुण्यात ते ९७८ च्या जवळ आहे. ९८१ आहे पॅरिसला. म्हणजे मी पुण्यातल्या लॅबमध्ये बसून पॅरिसचं गुरुत्वाकर्षण मोजलं होतं, आणि सरांनी त्यावर सही केली होती!

जागेप्रमाणे जी बदलतं हे माणसाला कळलं, तेही एका न जुळणाऱ्या रीडिंगमुळे. ह्यूगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं आणि घड्याळं एकदम भरवशाची झाली. १६७२ मध्ये झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मंगळाचे वेध घ्यायला पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला. हे गाव विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर. तिथे त्याच्या लक्षात आलं की पॅरिसला नीट लावलेला लंबक इथे दिवसाला दोन-अडीच मिनिटं मागे पडतोय. सेकंद बरोबर यावा म्हणून त्याला लंबक आखूड करावा लागला. किती? तीन मिलिमीटरही नाही.

विचार करा. पॅरिसमधल्या मोठ्या मंडळींनी सेकंदाच्या लंबकाची लांबी ठरवून दिलेली आहे. तुमचं उत्तर त्याहून तीन मिलिमीटर वेगळं येतंय. तुम्ही समुद्रापलीकडे एकटे आहात आणि तपासायला कुणी येणार नाहीये. मी असतो तर काय केलं असतं ते तुम्हाला आता माहीतच आहे. रिशेने दहा महिने दर आठवड्याला मोजून बघितलं आणि आलं तेच लिहिलं. परतल्यावर काहींना शंका आली की याचंच मोजताना चुकलं असणार, किंवा उष्णतेने धातू प्रसरण पावला असणार. पण १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर हॅलीलाही लंबक आखूड करावा लागला. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त हे आकडे घेतले आणि म्हटलं, चूक लंबकाची नाही. पृथ्वी गोल चेंडू नाहीच, ती स्वतःभोवती फिरते म्हणून विषुववृत्तावर फुगलेली आणि ध्रुवांवर चपटी आहे. तीन मिलिमीटर 'अॅडजस्ट' केले असते तर लंबकातून हे कळायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे.

आपल्याकडेही हे झालंय. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात १८६५ पासून कॅप्टन बसेव्ही देशभर लंबक घेऊन फिरत होता. शेवटी तो लडाखच्या उंच पठारावर गेला. पायाखाली एवढं डोंगरांचं वजन, म्हणजे ओढ जास्त असायला हवी. आली अपेक्षेपेक्षा कमी. डोंगरांच्या खाली खोलवर हलका खडक असतो, या तेव्हा नवीन असलेल्या कल्पनेला अशा आकड्यांनी बळ मिळालं. बसेव्ही मात्र त्याच मोहिमेत, १८७१ मध्ये, लडाखमध्येच वारला. रीडिंग घरी बसून उलटं काढायची सोय त्यालाही होती.

भाची जेवून दुपारी गेली. मी लॅपटॉपपुढे बसलो आणि त्या तीन ओळी परत आणल्या. (कंट्रोल-झेड, मानवजातीचा सर्वात उपयुक्त शोध.) पण आता त्यांच्यासमोर आकड्याबरोबर वेळही लिहिली. तिन्ही रीडिंग्ज बरोबर पूर्ण तासाच्या ठोक्याला आलेली होती. ११, १२, १. म्हणजे हाही हात थरथरल्याचा प्रकार नव्हता. दर तासाला कुठलंतरी एक सफाईचं काम आपोआप चालू होत होतं आणि त्या दीड-दोन मिनिटांत सगळी सिस्टिम गुडघे टेकत होती. सपाट ग्राफ घेऊन आम्ही रिलीज केलं असतं तर दर तासाला लोकांनी आम्हाला शिव्या घातल्या असत्या, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून शोधत बसलो असतो.

सोमवारी चाळीसच्या चाळीस रीडिंग्ज दिली. रिलीज एक आठवडा पुढे गेलं. मॅनेजरसाहेब फार काही बोलले नाहीत, पण क्लायंटचा कॉल त्यांनी मलाच घ्यायला लावला. तो कॉल काही सुखाचा नव्हता. अप्रेझल तोंडावर आहे, तेव्हा पुढचं पुढे.

मंगळवारी संध्याकाळी भाचीचा फोन. "मामा, एक मार्क गेला. उत्तर नऊशे ऐंशी नाही म्हणून."

माझ्या पोटात गोळा आला. माझ्यामुळे पोरीचा मार्क गेला. ताईला काय सांगायचं?

"पण सरांनी ग्राफ बघून विचारलं, रेष ओरिजिनमधून का जात नाही? मी सांगितलं, आकडा आणि गोळ्याची त्रिज्या. मग सर बराच वेळ ग्राफकडे बघत बसले आणि म्हणाले, हे बाकीच्या कुणाचंच कसं आलं नाही?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. हसले."

रात्री न राहवून माझ्या त्या जुन्या पार्टनरला मेसेज टाकला. "अकरावीच्या पेंड्युलममध्ये तुझं काय चुकलं होतं ते बहुतेक कळलं. तू दोरा गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजला नव्हतास. रीडिंग्ज खरी होती. तुझीच खरी होती."

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "पंचवीस वर्षांनी सांगतोयस? आता सही कोण देणार?"